एनसीआर म्हणजे नेमकं कुठपर्यंत? आणि आम्ही दिल्लीत राहतो असं म्हणायचं की नाही?

शर्वरी_नोएडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतेय.

मागच्या आठवड्यात आई पुण्याहून आली. गाडी पहाटे हजरत निजामुद्दीनला लागली. बॅगा उचलल्या आणि रिक्षा बघायला गेलो. नोएडा म्हटल्यावर पहिल्या तिघांनी मानच हलवली. चौथा म्हणाला, "बॉर्डर तक छोड दूंगा." निजामुद्दीन पूल, अक्षरधाम, मयूर विहार असं करत यूपीच्या सीमेवर, चिल्ल्याला, त्याने खरोखरच गाडी बाजूला घेतली. तिथून सामान ओढत पलीकडे गेलो, यूपीची दुसरी रिक्षा केली, पुन्हा घासाघीस. आईने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "अगं, तू दिल्लीत राहतेस ना?"

मला उत्तर देता येईना. सात वर्षं झाली मी सगळ्यांना "दिल्लीला असते" असंच सांगते. नवऱ्याची नोकरी दिल्लीत, मुलीचा नाचाचा क्लास दिल्लीत, भाजी गाझीपूरच्या मंडईतून येते. पण गाडीची पाटी यूपी १६, मतदान यूपीत, विजेचं बिल यूपीचं. आणि खुद्द नोएडात महापालिकाच नाही. १९७६ साली औद्योगिक वसाहत म्हणून प्राधिकरण नेमलं, तेच आजही सगळं बघतं. इतकं मोठं शहर, पण नगरसेवक नाही. गटार तुंबलं तर कुणाच्या दारी जायचं, हा प्रश्न पुण्यात कधी पडला नव्हता.

तर इथल्या जाणकारांना विचारते. एनसीआर एनसीआर म्हणतात ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं? ते शहर आहे, प्रदेश आहे, की नुसतं सरकारी कागदावरचं नाव?

नकाशावेडा

शर्वरीताई, फार चांगला विषय. मी नगररचनेत नोकरी केली, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एनसीआर म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र. त्याची हद्द संसदेच्या कायद्याने आखलेली आहे. कायदा १९८५ चा. कल्पना त्याहून जुनी, १९६२ च्या दिल्लीच्या पहिल्या बृहत् आराखड्यात सापडते. दिल्ली एकटी वाढत राहिली तर गुदमरेल, म्हणून भोवतालची शहरं धरून एकत्र नियोजन करा, असं त्यात मांडलं होतं. पण जमीन हा राज्यांचा विषय. म्हणून हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या विधिमंडळांची संमती घेऊन कायदा करावा लागला. एनसीआर नियोजन मंडळ त्यातूनच आलं. अध्यक्ष केंद्रीय नगरविकास मंत्री, सदस्यांत राज्यांचे मुख्यमंत्री.

आज या क्षेत्राचा पसारा ५५,०८३ चौरस किलोमीटर आहे. त्यात सगळी दिल्ली मिळून १,४८३. म्हणजे शंभर भागांतले तीनसुद्धा नाहीत! हरियाणाचा वाटा २५,३२७, यूपीचा १४,८२६ आणि राजस्थानचा १३,४४७. हरियाणाचे १४ जिल्हे आत आहेत, क्षेत्रफळाने त्या राज्याचा निम्म्याहून जास्त भाग. यूपीचे आठ: मेरठ, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर (तुमचं नोएडा यातच), बुलंदशहर, बागपत, हापूड, मुझफ्फरनगर, शामली. राजस्थानातून अलवर आणि भरतपूर. या दोन्ही जिल्ह्यांतून अलीकडे नवे जिल्हे काढलेत, त्यामुळे नावं वाढली, जमीन तेवढीच आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे या सगळ्या टापूत साधारण ५ कोटी ८० लाख माणसं होती. त्यातली दिल्लीची १ कोटी ६८ लाख.

तेव्हा कायद्याने तुम्ही एनसीआरमध्ये शंभर टक्के आहात. दिल्लीत मात्र नाही.

ठाणेकर_विनू

हे वाचून आपल्या एमएमआरचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाचा, आकार तपासला. तो सहा हजार तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यात नऊ महापालिका आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटतं असं कुणी म्हणणार नाही. पण वर मंत्रालय एकच. ठाण्याहून मुलुंडला जाताना चेकनाका लागतो खरा, पण तिथे रिक्षा बदलायला राज्य बदलत नाही. तुमच्याकडे चार सरकारं आहेत हे कधी नीट लक्षातच आलं नव्हतं.

रेल्वेवेडा_मिलिंद

भरतपूर आत आहे हे वाचून चमकलो. मुंबईहून कोटामार्गे दिल्लीला जाणाऱ्यांनी एक गंमत बघावी. भरतपूर आलं की तुम्ही एनसीआरमध्ये शिरलात. पुढचं मोठं स्टेशन मथुरा. मथुरा एनसीआरमध्ये नाही! मग कोसी कलां मागे टाकून हरियाणातल्या पलवल जिल्ह्यात शिरलात की पुन्हा एनसीआर. म्हणजे दिल्लीच्या जवळचं मथुरा बाहेर आणि लांबचं भरतपूर आत. हे कसं काय?

नकाशावेडा

मिलिंद, नकाशा समोर ठेवलात तर भरतपूर नूह आणि अलवरच्या अंगाने बाकीच्या क्षेत्राला चिकटलेलं दिसेल, त्यामुळे तुटक तुकडा नाही. पण तुमचा मुद्दा खरा आहे. मूळ हद्द बरीच आटोपशीर होती, तीस-तेहतीस हजार चौरस किलोमीटरची. मग राज्यांनी जिल्हे पुढे केले. २०१३ मध्ये भिवानी, महेंद्रगड आणि भरतपूर आले. २०१५ मध्ये जींद, कर्नाल आणि मुझफ्फरनगर. शामली त्यानंतर. ज्या राज्याने मागितलं त्याचा जिल्हा आला. मथुरा आत आला नाही, अलीगडही नाही.

मागण्याचं कारण सरळ होतं. मंडळ रस्ते, पाणी, सांडपाणी अशा कामांना स्वस्त व्याजाने कर्ज देतं. शिवाय एनसीआर हे नाव लागलं की जमिनीचा भाव चढतो. कर्नालच्या शेताच्या कडेला "एनसीआरमध्ये प्लॉट" असा फलक लागतो तो यामुळेच. इथून कुणी रोज दिल्लीला कामाला जातं का, बाजार कुठला, लेकी कुठे दिल्यात, हे हद्द आखताना बघायला हवं होतं. माझ्या मते ते बघितलं गेलं नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं.

मेघना_गुडगाव

माझे दोन पैसे. खरं शहर कुठवर आहे हे बघायचं तर या ५५ हजारांच्या आत एक छोटं कडं आहे. मंडळाच्या २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात त्याला मध्यवर्ती एनसीआर म्हटलंय: गुडगाव-मानेसर, फरिदाबाद-बल्लभगड, गाझियाबाद-लोणी, नोएडा, सोनिपत-कुंडली आणि बहादूरगड. दिल्लीला खेटून असलेल्या या पट्ट्यात घरांची रांग कुठे तुटतच नाही.

मेट्रोच्या तारखा बघा म्हणजे चित्र स्पष्ट होईल. २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी असा पहिला टप्पा सुरू झाला. २००९ ला मेट्रो नोएडात शिरली, २०१० ला गुडगावात, २०११ ला वैशालीपर्यंत म्हणजे गाझियाबादेत, २०१५ ला फरिदाबादला, २०१८ ला बहादूरगडला. माझ्या लेखी जिथवर मेट्रोचं एक कार्ड चालतं तिथवर हे एक शहर आहे.

गुडगाव वाढलं कसं, हेही हद्दीमुळेच. १९५७ च्या कायद्यानंतर दिल्लीतली जमीन विकसित करण्याचं काम दिल्ली विकास प्राधिकरणाकडे (डीडीए) गेलं आणि खासगी बिल्डरांना तिथे वाव राहिला नाही. ते हद्द ओलांडून हरियाणात आले. शेतं विकत घेतली, सेक्टर पाडले, काचेच्या इमारती उठल्या. महापालिका आली २००८ साली! तोवर अर्धं शहर बांधून झालं होतं. पाण्याच्या जुन्या वाटा, अरवलीतून येणारे ओढे, जोहड म्हणजे गावतळी, सगळं त्यात बुजलं. दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या दारात गुडघाभर पाणी असतं ते त्या वर्षांचं देणं आहे.

जुना_दिल्लीकर

मी पहाडगंजात वाढलो, तिथल्या नूतन मराठी शाळेत शिकलो, आता वय सत्तरीपार. शर्वरी, तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी वेगळं आलं असतं.

१८५७ नंतर इंग्रजांनी दिल्ली पंजाब प्रांताला जोडली. दिल्ली नावाचा जिल्हा होता आणि त्यात सोनिपत आणि बल्लभगड ह्या तहसिलीही होत्या. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून इकडे आणायची घोषणा झाली आणि १९१२ मध्ये दिल्लीचा वेगळा छोटा प्रांत काढला. तेव्हा सोनिपत रोहतकला गेलं आणि बल्लभगडचा बराच भाग गुडगाव जिल्ह्याला. दिल्लीला राहिली दिल्ली तहसील आणि मेहरौलीकडचा टापू. मग १९१५ मध्ये यमुनेपलीकडची ६५ गावं मेरठ जिल्ह्यातून काढून दिल्लीला दिली. आजचा शाहदऱ्याकडचा भाग तो.

म्हणजे आज ज्या गावांना आपण "दिल्लीच्या बाहेरची" म्हणतो त्यातली काही आधी दिल्लीचीच होती आणि आज जी अस्सल दिल्ली वाटते त्यातली काही मेरठची. सोनिपतचा म्हातारा जाट आजही दिल्लीला परकं मानत नाही. त्याच्या पणजोबाची कचेरी दिल्लीला होती.

पानिपतवाट

मी पानिपतला एका सूतगिरणीत आहे. जगभरचे जुने कपडे इथे येतात, त्यांचं सूत होतं आणि त्या सुताच्या चादरी, सतरंज्या. मराठी माणूस म्हटल्यावर इथले लोक आधी १७६१ विचारतात, मग नाव. दर १४ जानेवारीला काला आंबला, म्हणजे लढाईच्या स्मारकाला, महाराष्ट्रातून लोक येतात, त्यांची सोय बघायला मी जातो. त्यांना सांगितलं की हे दिल्लीच्या राजधानी क्षेत्रातच आहे, की फार आश्चर्य वाटतं. पण विचार केला तर त्या लढाईचा सगळा पट याच हद्दीत मावतो. दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट दिल्लीत. लढाईआधी मराठ्यांनी घेतलेला कुंजपुरा कर्नाल जिल्ह्यात. लढाईनंतर जगून वाचून आलेल्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला तो भरतपूरच्या राज्यात. आणि १८०३ साली शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली त्याचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. दिल्ली जिंकायची तर हा सगळा मुलूख हाताशी लागतो, हे तेव्हाच्या सरदारांना ठाऊक होतं.

आता रोजच्या जगण्याचं सांगतो. पानिपतचा माणूस स्वतःला दिल्लीकर समजत नाही. दिल्ली ९० किलोमीटर. एनसीआरमध्ये असल्याचं त्याला कळतं ते फक्त हिवाळ्यात, जेव्हा हवा बिघडते आणि फतवा निघतो: बॉयलरला हेच इंधन, जनरेटर बंद, बांधकाम बंद, वीटभट्ट्या बंद.

आणि गाड्या! २०१५ ला हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना एनसीआरमध्ये बंदी घातली. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे न्यायालयाने ती सैल केली, पण मधल्या वर्षांत काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. कर्नालजवळचा माझा एक सहकारी, घरी सहा एकर शेती. त्याच्या वडिलांची डिझेल जीप दहा वर्षांची झाली तेव्हा जेमतेम ऐंशी हजार किलोमीटर चाललेली. ती त्यांनी मातीमोल किमतीला एनसीआरबाहेरच्या जिल्ह्यात विकली. घेणारा तीच जीप त्यांच्या शेतापासून तीस किलोमीटरवर बिनधास्त चालवत होता. म्हातारा म्हणायचा, जिल्हा दिल्लीत घातला तेव्हा कुणी विचारलं नाही, आता गाडी गेली तेव्हाही नाही.

नकाशावेडा

पानिपतवाट, तुमचं उदाहरण नेमकं आहे आणि हरियाणाने नंतर हेच कारण पुढे करून काही जिल्हे बाहेर काढा असं लावून धरलं. जी राज्यं "आम्हाला घ्या" म्हणत होती तीच "आम्हाला सोडा" म्हणू लागली.

२०२१ च्या ऑक्टोबरात मंडळाच्या बैठकीत २०४१ च्या आराखड्याचा मसुदा आला. त्यात असं सुचवलं की राजघाट केंद्र धरून १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि तेवढंच सलग एनसीआर. वर्तुळाबाहेर आजच्या हद्दीपर्यंत फक्त ठरावीक शहरं आणि महामार्ग, द्रुतगती मार्ग, जलद रेल्वे यांच्या दोन्ही बाजूंचा एकेक किलोमीटरचा पट्टा ठेवायचा. वर्तुळ ज्या तहसिलीला मधोमध कापेल तिथे आत की बाहेर हे राज्याने ठरवायचं. असं झालं तर पानिपत आत राहील, कर्नालची शेतं सुटतील.

जुना_दिल्लीकर

वर्तुळ कंपासने काढता येतं, पण माणसं तशी राहत नाहीत हो. अरवलीचा डोंगर, यमुना, हिंडण हे वर्तुळ बघून वळलेत का?

नकाशावेडा

काका, पटतं. पण जिल्हा मागेल त्याला आत, या पद्धतीपेक्षा कुठलातरी निकष बरा, असं मला वाटतं. अंतर हा सगळ्यात ढोबळ निकष. खरा निकष प्रवासाचा हवा. अमेरिकेत न्यूयॉर्कचा महानगर प्रदेश ठरवतात तेव्हा त्या त्या काउंटीतले (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) किती नोकरदार रोज मध्यवर्ती काउंट्यांत कामाला जातात हे बघतात. पाव हिस्सा जात असेल तर काउंटी आत, मग ती न्यूजर्सीची का असेना. जनगणनेनंतर आकडे पुन्हा बघून यादी बदलतात. राज्याची रेघ आड येत नाही.

आपल्या जनगणनेत उलटं. २०११ ला दिल्लीचा नागरी समूह १ कोटी ६३ लाखांचा मोजला गेला, तो फक्त दिल्लीच्या हद्दीतला. गाझियाबाद वेगळं, फरिदाबाद वेगळं, गुडगाव वेगळं. एकाच सलग वस्तीचे तुकडे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये हीच शेजारची शहरं दिल्लीत धरून मोजली तेव्हा आकडा २ कोटी ८५ लाखांवर गेला आणि दिल्ली तोक्योखालोखाल जगात दुसरी आली. एकच गाव, दोन मापं.

मेघना_गुडगाव

निकषाचं म्हणाल तर हवेच्या नियमांनी एक हद्द आपोआप आखलीय. २०२१ च्या कायद्याने हवा गुणवत्ता आयोग आला, त्याचा अंमल सगळ्या एनसीआरवर आणि लगतच्या भागावर. पण हवा गंभीर पातळीला गेली की जुन्या गाड्यांची बंदी, शाळा ऑनलाइन वगैरे सगळ्यात कडक नियम लागतात ते दिल्ली आणि चारच जिल्ह्यांना: गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर. म्हणजे सरकारलाही मनातून ठाऊक आहे की खरं शहर एवढंच आहे!

माझ्या धाकट्याला दमा आहे. नोव्हेंबरात सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा त्याची छाती ऐकते, मग चहा टाकते. त्याच्या छातीत शिरणारा धूर कुठल्या राज्यातून आला हे कसं कळणार? म्हणून हवेसाठी हद्द मोठीच हवी, असं मला वाटतं. पानिपतवाट दादांचा राग समजतो, तरीही.

पानिपतवाट

ताई, हवेसाठी मोठी हद्द हवी हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की बंदी सगळ्या हद्दीला लागते तशी सोयही लागावी. जीप विकायला लावलीत, मग बस द्या. आमच्या गावाहून पानिपतला संध्याकाळी सातनंतर एस्टी नाही.

भिवाडीकर

राजस्थानाच्या टोकावरून लिहितोय. भिवाडी अलवरकडच्या भागात, पण अलवरपेक्षा गुडगाव जवळ. आमच्या कारखान्यातले निम्मे लोक हरियाणातल्या धारूहेड्याला राहतात. मधे फक्त एक रस्ता आणि एक उतार.

उतार भिवाडीकडून धारूहेड्याकडे. पाऊस झाला की आमच्याकडचं पाणी, त्यात गटाराचं आणि कारखान्यांचं रंगीत पाणी मिसळून, खाली हरियाणात जातं. तिकडच्या लोकांनी वैतागून हद्दीवर रस्त्याला उंचवटा घातला. मग पाणी आमच्याच बाजूला साठलं. मी स्वतः त्या काळ्या पाण्यातून मोटरसायकल ढकलत नेलीय. बुटाचा रंग गेला आणि घोट्यापर्यंत खाज आठवडाभर राहिली. दोन्ही बाजूंना मी दोष देत नाही. उताराखालच्याने काय करायचं? आणि उतारावरच्याने पाणी ठेवायचं कुठे? हा प्रश्न दोन राज्यांत किती वर्षं चालू आहे! दोन्ही गावं एनसीआरमध्ये, दोन्ही एकाच मंडळाच्या आराखड्यात. पण आराखडा करणाऱ्याला नाला खणायचा अधिकार नाही. तो राज्यांकडे.

नकाशावेडा

हे भिवाडीकर बोलले ते सगळ्या धाग्याचं मर्म आहे. मंडळ आराखडा करतं, राज्यं त्यांचे उपप्रादेशिक आराखडे करतात, अंमल राज्यांचा. मंडळाच्या हातात कर्ज आणि सल्ला.

जिथे चौघांनी पैसे घालून एक संस्था काढली तिथे मात्र काम झालं, हेही नोंदवायला हवं. जलद रेल्वेसाठी २०१३ ला एनसीआर परिवहन निगम स्थापन झालं. निम्मा वाटा केंद्राचा आणि दिल्ली, हरियाणा, राजस्थान, यूपी यांचा प्रत्येकी साडेबारा टक्के. दिल्ली-गाझियाबाद-मेरठ ही ८२ किलोमीटरची मार्गिका त्यांनी घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरात साहिबाबाद ते दुहाई धावली, जानेवारी २०२५ ला दिल्लीत न्यू अशोक नगरपर्यंत आली. मेरठ दक्षिणपासून चाळीस मिनिटं. गाडीत बसल्यावर यूपी कधी संपलं हे कळत नाही.

रेल्वेवेडा_मिलिंद

बसलोय मी त्यात. आनंद विहारला उतरून पादचारी पुलावरून कौशांबीला गेलो. पुलाच्या अलीकडे दिल्लीचं बसस्थानक, पलीकडे यूपीचं. एकाच चौकाचे दोन काठ.

शर्वरी_नोएडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आनंद विहार-कौशांबीचं नाव निघालं आणि २०२० आठवलं. मार्चअखेरीस हजारो मजूर त्या चौकात पोटच्या पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते. पुढे नोएडाची हद्द बंद झाली. नवरा औषधांच्या पुरवठ्यात, त्याला रोज दिल्लीला जाणं भाग. एका राज्याचा पास दुसऱ्या राज्याच्या चौकीवर चालेना. तीन दिवस तो दिल्लीत गोदामातच झोपला. मी चिल्ल्याला त्याला डबा द्यायला गेले, तर लोखंडी अडथळ्याच्या वरून डबा हातात द्यावा लागला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की एनसीआरच्या राज्यांनी एकत्र बसून एकच पास ठरवा. ज्या क्षेत्राचा कायदा १९८५ पासून आहे तिथे!

आणखी एक. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई खोड्याला राहतात. खोडा कॉलनी गाझियाबाद जिल्ह्यात, एका अंगाला नोएडा, दुसऱ्या अंगाला दिल्ली. गंगेचं पाणी मुरादनगरहून नळाने पूर्व दिल्लीला जातं, नोएडालाही गंगेचं पाणी येतं. त्यांच्या गल्लीत मात्र नळ नाही. वीस लिटरचे जार विकत घेतात. महिन्याला जेवढे पैसे पाण्यावर जातात तेवढं आमच्या अख्ख्या घराचं पाण्याचं बिल नाही. त्यांनी एकदा मला विचारलं होतं, "दीदी, हमारा खोड़ा किसमें आता है?" मी म्हटलं एनसीआरमध्ये. त्या म्हणाल्या, "तो पानी कौन देगा?"

मेघना_गुडगाव

शर्वरी, याला उत्तर नाही गं.

ठाणेकर_विनू

माझा प्रश्न अजून तसाच आहे. चार सरकारं ठेवून वर एकच महानगर प्राधिकरण, ज्याला पाणी, सांडपाणी आणि बस या तीनच गोष्टींचा पूर्ण अधिकार असेल, असं करता येणार नाही का? रेल्वेला जमलं तर पाण्याला का नाही?

नकाशावेडा

कायद्याने अशक्य नाही. यमुनेच्या पाण्यावर पाच राज्यांचा १९९४ चा करार आहेच. पण मंजूर वाट्याचं पाणी घरोघर पोचवायची वेळ आली की प्रत्येक राज्य आपल्या मतदाराकडे बघतं, आणि खोड्याचा मतदार नोएडाच्या किंवा दिल्लीच्या कामाचा नाही. रेल्वेच्या वेळी केंद्राने निम्मे पैसे टाकले म्हणून चौघं बसले. पाण्याला कुणी तसे टाकले तर बसतील. माझं मत विचाराल तर हद्द कुठे हा वाद जरा बाजूला ठेवून आधी त्या मध्यवर्ती कड्यापुरतं असं प्राधिकरण मागावं. तेवढ्या पट्ट्यात एक रिक्षा परवाना, एक पाण्याची व्यवस्था, एक बस तिकीट. कर्नाल, भरतपूरचं नंतर बघू.

पानिपतवाट

या मागणीला माझा पाठिंबा. आम्ही कड्याबाहेर राहायला तयार आहोत, फक्त आमच्या गाड्यांचं काय ते एकदा नक्की सांगा.

जुना_दिल्लीकर

शर्वरी, तुझ्या आईसाठी एक गोष्ट. शाहदऱ्याला माझे एक स्नेही आहेत, चार पिढ्या तिथलेच. त्यांच्या घराचा सगळ्यात जुना कागद मी पाहिलाय. उर्दूत लिहिलेला, घड्यांवर फाटलेला, काचेखाली ठेवलाय. त्यावर तहसील गाझियाबाद, जिल्हा मेरठ असं आहे. घर तिथंच, विहीर तिथंच, अंगणातला पिंपळसुद्धा तोच. स्नेही म्हणतात, आम्ही कुठे हललोच नाही, दिल्लीच आमच्याकडे आली.

आईंना सांग, परतीच्या गाडीला निजामुद्दीनला जाताना मला फोन करा. माझी गाडी दिल्लीची आहे, मी चिल्ल्याच्या पलीकडे येऊन दारातून घेऊन जातो. सामान ओढायला लावू नकोस त्यांना.

शर्वरी_नोएडा

काका, गुरुवारी दुपारी दीडला निघायचं आहे. आईने तुमच्यासाठी पुण्याहून आणलेली बाकरवडी वेगळी काढून ठेवली आहे.